झाडाचं नाव काय म्हणालात?

पाच जून ते पंधरा ऑगस्ट ही निगडी-प्राधिकरणातली झाडांची लग्नसराई. मांडव असतो, बँडच्या जागी ध्वनिक्षेपक असतो, मानापमान असतात आणि नवरदेव काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोपऱ्यात उभा असतो. फ्लेक्सवर जितके चेहरे असतात तितकी पानं त्या रोपाला नसतात. खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवलेला. पाहुणे येतात, एका शेंड्याला सहा-सात हात एकदम लागतात, सगळे झाडाकडे पाठ करून मोबाइलकडे बघतात आणि वृक्षारोपण होतं. मग निसर्गावर भाषण. मग वडापाव.

या सगळ्याला कागदोपत्री 'जनजागृती' म्हणतात. जागं कोण झालं, ते विचारायचं नसतं.

मला एक वाईट खोड आहे. रोप लावून हात झटकणाऱ्या माणसाला मी विचारतो, "झाड कोणतं हो हे?" उत्तरं ठरलेली. "देशी आहे." "भरपूर ऑक्सिजन देतं." "उद्यानवाल्यांना विचारा." एका कार्यकर्त्याने मला हळूच बाजूला घेतलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही नंतर भेटा ना." मागे फ्लेक्सवर तुकोबांचा झाडांना सोयरे म्हणणारा अभंग झळकत होता. तो छापण्याचा आमचा हक्कच आहे म्हणा. देहू हाकेच्या अंतरावर, आणि पालखी दरवर्षी याच भक्ती-शक्ती चौकातून आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. पण सोयऱ्याचं नावही ठाऊक नाही अशी सोयरीक अख्ख्या महाराष्ट्रात दुसरी सापडायची नाही.

आकड्यांत मात्र आपण कुणाला हार जाणारे नव्हे. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला तेव्हा तो जुलैतला एक आठवडा होता. महाराष्ट्राने त्याला गणिताची शिकवणी लावली. २०१६ मध्ये २ कोटी झाडं लावायचं ठरलं, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. पुढे सरकार बदललं आणि ती झाडं कुठे आहेत हे बघायला विधिमंडळाची समिती नेमावी लागली. या कोटींत वावळ किती, धावडा किती, मोई किती, हे कुठल्या भाषणात ऐकल्याचं मला आठवत नाही. मोजदाद खड्ड्यांची होते. खड्डा हे आपल्याकडचं सर्वांत विश्वासाचं माप आहे, डांबरी रस्त्यावरही आणि डोंगरावरही.

हे दुसऱ्या कुठल्या गावात चाललं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण हे कारखान्यांचं शहर आहे. इथल्या कुठल्याही शॉपमध्ये नवं मशीन आलं की त्याच्यावर नावाची पट्टी असते, मेक, मॉडेल, नंबर असतो. शेजारी मेंटेनन्सचा तक्ता टांगलेला असतो. दर शिफ्टला कुणीतरी त्यावर सही करतं. मशीन बसवून, फीत कापून, पुढल्या वर्षीच्या जूनपर्यंत त्याकडे कुणी फिरकलंच नाही, असं चाकणच्या एखाद्या प्लँट मॅनेजरला सांगून बघा. तो तुम्हाला गेटबाहेर काढेल. तोच मॅनेजर जुलैतल्या शनिवारी सीएसआरचा टी-शर्ट आणि टोपी घालून डोंगरावर येतो, रोप लावतो, फोटो काढतो आणि पुढल्या वर्षीच्या जुलैपर्यंत तिकडे फिरकत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायला सांगितले. डोकं किती टक्के खर्च करायचं, याबद्दल कायद्यात काही नाही.

शिकवण्याचं म्हणाल तर तेही आपण सक्तीने केलंय. २२ नोव्हेंबर १९९१ ला सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश दिला की, चित्रपटगृहांनी पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनने कार्यक्रम करावेत, शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा विषय सक्तीचा व्हावा. विषय सक्तीचा झाला. तेव्हापासून पर्यावरणाचा प्रकल्प जमा न केलेला विद्यार्थी शोधून सापडणार नाही, आणि तो स्वतः केलेलाही. झेरॉक्सच्या दुकानात तो तयार मिळतो. शीर्षक 'आमच्या परिसरातील नदीचे प्रदूषण', विद्यार्थी निगडीचा, नदी मात्र पंचगंगा. पवना इतकी जवळून वाहते की तिचा वास घ्यायला बसचं तिकीटही लागत नाही. पण मूळ प्रत ज्याने लिहिली तो कोल्हापूरचा होता, त्याला काय करणार?

मोठ्यांचा प्रकल्प याहून मोठा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि पालिकेला 'लोक जैवविविधता नोंदवही' ठेवायला सांगितलं. कल्पना सुंदर होती. गावातल्या म्हाताऱ्यांशी, धनगरांशी, वैदूंशी, भोयांशी बोलायचं, कुठलं झाड कुठे होतं, कशासाठी वापरायचे, कुठला मासा कधी दिसेनासा झाला, ते लिहून काढायचं. पंधरा-सोळा वर्षं बहुतेक ठिकाणी ती वही कोरी राहिली. मग हरित लवादाने दम भरला: ३१ जानेवारी २०२० पर्यंत नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याने दरमहा १० लाख रुपये भरावेत. त्यासरशी देशभर नोंदवह्या उगवल्या. आज त्यांची संख्या अडीच लाखांहून जास्त आहे. जे ऐकायला आजीशेजारी वर्षभर बसावं लागतं, ते काही महिन्यांत टाइप होऊन आलं. नावात 'लोक' आहेत. बाकी कुठे आहेत ते तुमच्या ओळखीच्या एखाद्या आजीलाच विचारा.

आता लावतो काय, तेही बघू. प्राधिकरणातल्या रस्त्यांवरून चालणं म्हणजे पासपोर्टशिवाय जगप्रवास. गुलमोहर मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी लोकांना गाड्या थांबवायला लावणारा टॅबेबुया तिकडचाच. सुबाभूळ मध्य अमेरिकेची, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. कंपन्या जर्मनीच्या, जपानच्या, कोरियाच्या आल्या, मग झाडांनी काय घोडं मारलंय? दुभाजकांमध्ये काही ठिकाणी कोनोकार्पस आहे. झपाट्याने वाढतं, कापाल तसं वळतं, भिंतीसारखं उभं राहतं; गुजरातने त्याच्यावर २०२३ मध्ये बंदी घातली. पुण्याच्या टेकड्यांवर माजलेलं गिरीपुष्प मध्य अमेरिकेतलं. तिकडे कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात, बिया आणि साल उंदीर मारायला वापरतात, म्हणून आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. फांदी खोचली की जगते, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. वनीकरणाच्या अहवालाला आणखी काय हवं?

पण देशी-देशी म्हणून कपाळाला टिळा लावून बसणाऱ्यांचंही मला फार पटत नाही. देशी गाय, देशी तूप आणि आता देशी झाड. अहो, चिंचवडातला वड इथला असेल, पण चिंच आफ्रिकेतून आलेली आहे. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. सीताफळ अमेरिकेचं, त्याला सीतेचं नाव दिलं आणि घरात घेतलं. उलट सप्तपर्णी इथलीच, पण ती जास्त पावसाच्या जंगलातली. तिला ओळीने फुटपाथवर उभी केली आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी तिचा दर्प सुटला की लोक खिडक्या लावून घेतात. सोसायटीच्या गेटवर सैनिकासारखा उभा असलेला उंच निमुळता अशोक हा रामायणातला अशोक नव्हे. खरा सीता-अशोक केशरी फुलांचा, वेगळ्याच कुळातला. पण त्या खोट्या अशोकाला नावं ठेवण्याआधी त्याची पानं उलटून बघा. हिरव्या ठिपक्यांचं 'टेल्ड जे' फुलपाखरू त्याच्यावर अंडी घालतं आणि अळ्या त्याचीच पानं खातात.

माझ्या मते प्रश्न एवढाच आहे: या झाडावर कोण जेवतं? झाडाच्या जन्मदाखल्यापेक्षा त्याच्या पंगतीला कोण बसलंय ते बघावं. बहाव्याच्या पानांवर एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. उंबराची फुलं फळाच्या आत असतात, आणि एक गांधीलमाशीच्या जातीचा मुंगीहूनही लहान किडा आत शिरून त्यांचं परागीभवन करतो. उंबराचा किडा उंबराचाच, वडाचा वडाचाच, शेजारच्या घरी जाऊन चालत नाही. मग ती फळं तांबट खातात, कोकीळ खातात, रात्री वटवाघळं खातात, खाली पडलेल्यांवर मुंग्या तुटून पडतात. एका उंबराखाली तासभर उभं राहिलं तर कुठल्याही सभागृहातल्या स्लाइड शोपेक्षा जास्त कळेल. आणि तिथे सूत्रसंचालन नसतं.

पण असं उभं करायला लोकांना नेतंय कोण? आणि कधी? माझं खरं दुखणं हे 'कधी' आहे. आपल्या कार्यक्रमांचं पंचांग आणि झाडांचं पंचांग यांचा काही म्हणजे काहीही संबंध नाही. मावळ आणि देश यांच्या सीमेवरचा हा कोरडा, पानगळीचा मुलूख. इथली झाडं फुलतात केव्हा? काटेसावर जानेवारी-फेब्रुवारीत, पळस आणि पांगारा त्याच्या पाठोपाठ, अंगावर एक पान नसताना. मोई फेब्रुवारी-मार्चमध्ये. वावळाच्या पापडीसारख्या बिया मार्च-एप्रिलच्या वाऱ्यावर उडतात. बहावा आणि आपलं राज्यफूल ताम्हण एप्रिल-मेमध्ये. त्याच सुमाराला मेडशिंगीची पांढरी फुलं रात्री उमलून सकाळी झाडाखाली पडलेली असतात, मग कुडा. म्हणजे झाड ओळखायला शिकवायचं असेल तर जानेवारी ते मे हा भर हंगाम. या पाच महिन्यांत निसर्गशिक्षणाचा फ्लेक्स दिसला तर मला फोटो पाठवा. तेव्हा आपण 'काय हो हा रखरखाट' म्हणत एसीचा रिमोट शोधत असतो.

गंमत अशी की, जूनमध्ये लावलेलं रोप मरतंही याच दिवसांत. पावसात सगळीच रोपं जगतात, पाऊस कुणाच्याही हाताला यश देतो. मार्चमध्ये त्याच्या बुडाशी कुणी बादली ओतली तर झाड, नाहीतर वाळकी काटकी आणि तिच्याशेजारी संस्थेच्या नावाची पाटी. पाटी पत्र्याची असते, ती जगते. एखाद्याने टेकडीवर काडी टाकली की वणव्यात काटकीही जाते. म्हणजे फूल बघायला जायचं तेव्हा आणि पाणी घालायला जायचं तेव्हाही, आपला जागृत समाज नेमका गाढ झोपेत.

सप्टेंबर-ऑक्टोबरची गोष्ट वेगळीच. तेव्हा माळावर गवतं फुलतात. आपल्या सरकारी भाषेत माळ म्हणजे पडीक जमीन. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो, त्यात झुडपी रान बिनदिक्कत बसवलेलं असतं. माळ 'उजाड' दिसला की आपल्या पोटात दया दाटून येते आणि आपण त्याच्यावर बियांचे गोळे फेकतो. सीडबॉल हे फारच सोयीचं प्रकरण आहे: खड्डा नको, पाणी नको, पुन्हा येणं नको, चालत्या गाडीतूनही निसर्गसेवा होते. नाहीतर मियावाकी. त्या बिचाऱ्या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाचा आग्रह होता की, आधी त्या जागेवर मुळात कुठलं रान होतं ते शोधा, मग तेच तिथे लावा. आपण त्यातलं दाटीवाटीने लावायचं तेवढं घेतलं. जिथे मुळात कुसळी गवताचा माळ होता, चंडोल होते, पावसाळ्यात जमिनीलगत एवढीशी फुलं येत होती, तिथे आता चौरस मीटरला तीन झाडं. जंगल झालं म्हणून टाळ्या. माळ मेला म्हणून शोकसभा नाही, कारण मेला तो कोण, हेच माहीत नाही. तिकडे पुण्याच्या टेकड्यांवर मेक्सिकोतला पिवळा कॉसमॉस पसरतो आणि माणसं त्यात उभी राहून फोटोखाली 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहितात.

पसरण्यावरून आठवलं. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५५ ची आणि ती थेट पुण्याची. इतक्या क्षेत्रांत पुण्याचा पहिला नंबर सांगणाऱ्यांनी हा मात्र कधी सांगितला नाही. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताह देशभर असतो. तुम्हाला ठाऊक होता? मग.

तर खरं संवर्धन केलं कुणी? निगडी ओलांडून देहूरोडकडे निघा. लष्कराच्या कुंपणापलीकडे माळ आहे, झुडपं आहेत, बोरी-बाभळी आहेत, कारण बाहेर पाटी आहे: प्रवेश निषिद्ध. या पट्ट्यातला सर्वांत यशस्वी निसर्गशिक्षक हा बंदूक घेतलेला संत्री आहे, आणि त्याने आजवर एकही व्याख्यान दिलेलं नाही. त्याच्या आधी हे काम देव करायचे. १९७०च्या दशकात वर्तक आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळल्या, तेव्हा भोवतालचं सगळं तुटलेलं असतानाही देवाच्या नावाने राखलेले ते तुकडे उभे होते. काळूबाईचा कोप किंवा संत्र्याचा 'थम'. भीतीवर आपलं रान टिकतं, प्रेमावर नाही. हे मला आवडत नाही, पण तसं आहे.

देवांचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडे वनस्पती ओळखण्याचा एक जुना वर्ग होता, तोही सांगतो. फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. गणपतीची एकवीस पत्री. दूर्वा, आघाडा, माका, डोरली, शमी, रुई, विष्णुक्रांता... पोरांना पहाटे पिटाळायचे. चुकीचं पान आणलं की आजी परत पाठवायची. डोरलीचा काटा एकदा बोटात गेला की ती जन्मात विसरत नाही. आज पत्रीची जुडी बाजारातून येते. तिच्यात विक्रेत्याच्या घराजवळ जे उगवलं असेल ते असतं. बाप्पा समजून घेतात. आणि विनोद बघा: आघाडा आणि रुई अजूनही आपल्या सेक्टरांतल्या मोकळ्या प्लॉटवर उगवतात. गणपतीच्या आधी स्वच्छता मोहिमेत ते मुळासकट उपटले जातात, आणि दोन दिवसांनी तोच आघाडा आपण चौकात पैसे मोजून घेतो. दसऱ्यालाही तेच. आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या ओरबाडून आणतात, आपण सोनं म्हणून वाटतो.

कुणी म्हणेल, आम्ही नोकरदार, फिटर, टर्नर, इंजिनिअर. झाडाबिडांतलं आम्हाला काय कळतं? तर ऐका. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जो ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात, १९०१ ते १९०८ या काळात निघालेला, तो लिहिणारे थिओडोर कुक हे पेशाने इंजिनिअर, पुण्याच्या ज्या कॉलेजचं पुढे सीओईपी झालं तिथले प्राचार्य. आणि 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हातात घेऊन आज निम्मा महाराष्ट्र डोंगर चढतो, ते २००१ मध्ये काढणारे श्रीकांत इंगळहळीकर हेही अभियंता आणि उद्योजक. व्हर्नियर कॅलिपर धरणाऱ्या हाताला फुलाच्या पाकळ्या मोजणं काय अवघड आहे? ड्रॉइंग वाचणाऱ्याला पानाची शीर वाचता यायलाच हवी. या शहरात जितके डोळे बारीक मापं घ्यायला शिकलेत तितके क्वचित कुठे असतील. त्यांना कुणी झाडाखाली नेलेलं नाही, एवढंच.

नेणारे अगदीच नाहीत असं नाही. निगडीतल्या सावरकर मंडळाचे निसर्गमित्र घोरावडेश्वराच्या डोंगरावर वर्षानुवर्षं झाडं लावून ती जगवण्याच्या मागे आहेत. जगवण्याला बातमीमूल्य नसतं, तरी. 'अंघोळीची गोळी' या अजब नावाच्या संस्थेतल्या पोरांनी 'खिळेमुक्त झाडं' ही मोहीम काढून क्लासच्या, भाड्याच्या खोल्यांच्या आणि मूळव्याधीच्या जाहिरातींचे खिळे झाडांतून उपसले. खिळा उपसताना झाडाला हात लागतो, साल जवळून दिसते, डिंक बोटाला चिकटतो. मला वाटतं, पोरं त्यात जितकं शिकली तितकं कुठल्या कार्यशाळेत शिकली नसती. आता झाडांना क्यूआर कोड लावायची टूम निघाली आहे. लावा बापडे. फक्त तो खिळ्याने ठोकू नका.

आणि तारखेचं भान असलेला एक कार्यक्रम मी पाहिलेला नाही पण मानतो. अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या 'सह्याद्री देवराई' संस्थेच्या मंडळींनी बीडजवळ पालवणच्या डोंगरावर वृक्षसंमेलन भरवलं ते फेब्रुवारीत, २०२० मध्ये. भर पानगळीत! संमेलनाध्यक्ष होता वड. अध्यक्षीय भाषण झालं नाही, हे मराठी संमेलनांच्या इतिहासात प्रथमच घडलं असावं.

आपल्याला एवढंही करायला नको. इथल्या दुर्गा टेकडीवर रोज पहाटे जी गर्दी असते ती आयती आहे. मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतंय, दहा हजार झाली की घरी. त्यांना सभागृह नको, चहा नको, शाल नको. महिन्यातला एक रविवार ठरवायचा, माहितगार माणूस पुढे, बाकीचे मागे. एका वेळी पाच झाडं, जास्त नाहीत. पुढल्या महिन्यात तीच पाच पुन्हा: तेव्हा पान होतं, आता फूल आहे, परवा शेंग होती, आज ती फुटली. देशात सीझनवॉच नावाचा उपक्रम याच तत्त्वावर चालतो: एक झाड धरा आणि त्याच्याकडे परत परत जा. कारवीसारखी सात वर्षं वाट बघायला लावणारी मंडळी सोडा, पण बाकीची झाडं वर्षभरात आपलं सगळं दाखवून मोकळी होतात. माणसाला वर्षभर यावं लागतं.

हे न होण्याचं कारण पैसा नाही. पाच झाडांच्या फेरीला पैसे लागतच नाहीत, आणि तीच तिची अडचण आहे. मांडववाला नाही, फ्लेक्सवाला नाही, रोपांचं टेंडर नाही, सत्कार नाही. ज्यात कुणाचंच बिल निघत नाही असा कार्यक्रम मंजूर कोण करणार? त्यामुळे तो मंजुरीसाठी पाठवूच नये.

तेव्हा पुढल्या जूनमध्ये निमंत्रणपत्रिका हातात पडली की प्रमुख पाहुणे कोण ते वाचू नका. खाली तारखा किती छापल्यात ते मोजा, आणि त्यातली एक तरी मार्चमधली आहे का ते बघा. एकच तारीख असेल तर घरीच थांबा. बारा असतील तर मला कळवा, मीही येतो.